पिंजरा नको, आमिष दाखवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका हौशी नाट्यगटाला ३० जुलैला, मानवी तस्करीविरोधी जागतिक दिनी, गजबजलेल्या चौकात लक्ष वेधून घेणारं आंदोलन करायचं आहे. मोठा पिंजरा, आत हातांत साखळ्या आणि तोंडाला काळी पट्टी लावलेल्या चार-पाच मुली, गळ्यात किमतीच्या पाट्या, मागे ढोल. हे परिणामकारक होईल का, आणि काय काळजी घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे. माझं काम बरीच वर्षं पथनाट्य आणि सुटका झालेल्यांचं पुनर्वसन या दोन्हींच्या मधलं आहे, त्यामुळे उत्तर लांबलं आहे.

लोक थांबतील, यात शंका नाही. पिंजऱ्यात माणूस दिसला की कोणीही थांबतो, मोबाइल काढतो, ‘बापरे’ म्हणतो आणि पुढे जातो. अडचण त्या ‘बापरे’ची आहे. घरी जाताना तो जे चित्र डोक्यात घेऊन जातो, तेच चुकीचं असतं. तस्करीत अडकलेली व्यक्ती म्हणजे साखळीने बांधलेली, रडणारी तरुण मुलगी, असं त्याच्या मनावर ठसतं. मग शेजारच्या घरात राबणारी, दुकानातून सामान आणणारी, हटकलं तर हसून बोलणारी पोरगी त्याला ‘तशी’ वाटतच नाही. बांधकामावर खाली मान घालून काम करणारा पुरुष तर नाहीच नाही. आणि उद्या त्याच्याच भाचीला ओळखीतली एखादी बाई म्हणाली, ‘चांगली नोकरी आहे, मी स्वतः घेऊन जाते,’ तर तिथे साखळी कुठे दिसणार? साखळी नाही, म्हणून शंकाही नाही.

बऱ्याच ठिकाणी दाराला कुलूप नसतं. माणूस तरीही निघून जाऊ शकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीची मजुरी ओळखायच्या ११ खुणा दिल्या आहेत: अगतिकतेचा गैरफायदा, फसवणूक, हिंडण्याफिरण्यावर बंधन, एकटं पाडणं, मारहाण आणि लैंगिक अत्याचार, धमक्या, ओळखपत्रं काढून घेणं, पगार अडवणं, कर्जात अडकवणं, कामाची आणि राहण्याची वाईट अवस्था, बेसुमार जादा काम. यातल्या किती गोष्टी पिंजऱ्यात दाखवता येतील? दोन, फार तर तीन. बाकीच्या बोलण्यात, कागदात आणि हिशेबाच्या वहीत घडतात. ही यादी तालमीच्या खोलीत भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येक प्रसंग तिच्याशी ताडून पाहा. माझा सल्ला एवढाच आहे की शेवट दाखवू नका, सुरुवात दाखवा. माणूस अडकला कसा, हे बघणाऱ्याला स्वतःच्या अंगावर आल्यासारखं कळलं पाहिजे. ‘मीही हो म्हटलं असतं’ असं मनात आलं, तरच तो पुढे कान टवकारून ऐकेल.

कायद्याची एक बाजू गटातल्या प्रत्येकाला पाठ हवी, कारण घोळक्यातून एक प्रश्न हमखास येतो: ‘ती तर स्वतःच्या पायाने गेली होती ना?’ संयुक्त राष्ट्रांच्या २०००च्या पालेर्मो प्रोटोकॉलने तस्करीच्या व्याख्येत तीन गोष्टी धरल्या आहेत. पहिली कृती: माणसाला भरती करणं, नेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, ठेवून घेणं. दुसरी साधन: जबरदस्ती, धाक, फसवणूक, अगतिकतेचा फायदा, किंवा त्या माणसावर ज्याचा ताबा आहे त्याला पैसे देणं. तिसरी हेतू, म्हणजे शोषण. यातलं कुठलंही साधन वापरलेलं असेल, तर तिने दिलेल्या होकाराला अर्थ उरत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर साधन सिद्ध करण्याचीही गरज नाही. देशाची सीमा ओलांडलीच पाहिजे असंही नाही. एकाच शहरात, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीतही तस्करी होते. हे उत्तर अर्ध्या मिनिटात, न चिडता देता आलं पाहिजे. वाद घालत बसू नका. तो प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा मनातून हादरलेला असतो.

आता पिंजऱ्यात फक्त मुलीच का, हेही पाहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते. त्यांपैकी लैंगिक शोषणात अडकलेले सुमारे ६३ लाख. खासगी क्षेत्रातल्या इतर कामांत, म्हणजे घरकाम, शेती, बांधकाम, कारखाने, मासेमारी, सुमारे १ कोटी ७३ लाख. उरलेले ३९ लाख लोक सरकारांनीच कामाला जुंपलेले. हे आकडे सक्तीच्या मजुरीचे आहेत, सगळेच्या सगळे तस्करीच्या खात्यात टाकू नका. पण चित्र किती रुंद आहे ते त्यातून दिसतं. शिवाय गेल्या काही वर्षांत एक नवाच प्रकार उभा राहिला आहे. संगणकावरच्या नोकरीच्या नावाने तरुणांना बोलावायचं आणि कुंपणाच्या आत डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घ्यायची. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३मध्ये म्यानमारमध्ये अशा अड्ड्यांवर किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक असावेत, असा अंदाज मांडला. त्यांत पदवीधर आहेत, दोन-तीन भाषा बोलणारे आहेत, संगणक जाणणारे आहेत. म्हणजे तुमच्या चौकात बॅग पाठीला लावून उभा असलेला मुलगाच. त्याला पिंजऱ्यातली मुलगी दाखवलीत, तर तो हळहळेल; पण हे आपल्यापर्यंत येऊ शकतं, हे त्याच्या गावीही नसेल.

आकड्यांवरून एक ताकीद. ‘दर अमुक सेकंदाला एक मुलगी विकली जाते’, ‘जगातला दुसऱ्या क्रमांकाचा गुन्हा’ अशी वाक्यं फलकांवर फार दिसतात. त्यांचं मूळ शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. एखादा पत्रकार किंवा पोलीस अधिकारी तिथेच उलट विचारेल, आणि एका खोट्या आकड्यापायी तुमच्या दहा खऱ्या गोष्टी वाया जातील. एकच आकडा लिहा, कोणाचा आणि कुठल्या वर्षाचा ते लिहा, बस.

रस्त्यावरचं काम बटबटीतच असावं लागतं, असं नाही. गुलामगिरीविरोधी चळवळीचं सगळ्यात गाजलेलं चित्र पाहा. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या समितीने १७८८मध्ये ‘ब्रुक्स’ या गुलामवाहू जहाजाचा आराखडा छापला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याची मोठी आवृत्ती निघाली. त्यात कोणी रडत नाही, कोणी चाबूक उगारत नाही. वरून पाहिलेला जहाजाचा तळ आणि त्यावर अंगाला अंग लावून आडवी मांडलेली माणसं, इतकंच. लंडनच्या चित्रात ४८२ माणसं दाखवली आहेत. नव्या कायद्याने त्या जहाजाला परवानगी होती ४५४ जणांची. एवढी मोजकी, कोरडी रेषा, पण ते चित्र दारूच्या गुत्त्यांच्या आणि घरांच्या भिंतींवर लागलं. त्याच चळवळीतला थॉमस क्लार्कसन सभांना एक पेटी घेऊन जायचा. तिच्यात आफ्रिकेतलं कापड, हस्तिदंत, मिरी, चामड्याच्या वस्तू असत, आणि सोबत लिव्हरपूलच्या दुकानातून विकत घेतलेल्या बेड्या आणि अंगठे चिरडायचा चाप. ‘हा व्यापार होऊ शकतो, आणि चालू आहे तो असा,’ हे दोन्ही एका पेटीत. बेड्या क्लार्कसननेही दाखवल्या, हे खरं. पण त्या नाटकातल्या नव्हत्या, चालू बाजारातल्या होत्या.

त्याच काळात, १७८७मध्ये, इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुडच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातून एक पदक निघालं: गुडघे टेकलेला, हात जोडलेला, साखळदंडातला काळा माणूस आणि ‘मी माणूस नाही का, भाऊ नाही का?’ असा प्रश्न. ते प्रचंड लोकप्रिय झालं, लोकांनी दागिन्यांत घडवून मिरवलं. पण त्यावरची टीकाही रास्त आहे. त्यात गुलाम कायम दया मागणारा आणि पाहणारा कायम दया करणारा. तुमचा पिंजरा थेट या पदकाच्या वंशातला आहे. मी ज्या बायकांबरोबर काम करते, त्यांतल्या कोणीच स्वतःची गोष्ट गुडघ्यांवर बसून सांगत नाही. त्या सांगतात तेव्हा त्यात राग असतो, हिशेब असतो, दलालाची टिंगलही असते.

किमतीच्या पाट्यांची कल्पना याआधी झालेली आहे. २०१०मध्ये इस्रायलमधल्या तेल अविवच्या डिझेनगॉफ सेंटर या मॉलमध्ये दुकानाच्या काचेमागे खऱ्या बायका उभ्या राहिल्या, अंगावर किमतीची लेबलं. बातमी जगभर गेली. त्यामागे एक नेमकी मागणी होती: पैसे देऊन शरीर विकत घेणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा करा, आणि त्यासाठी इथे सही करा. तसा कायदा तिथे २०१८च्या अखेरीस मंजूर झाला. त्या एका दुकानामुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण बघणाऱ्याच्या हाताला लगेच काम होतं, हे महत्त्वाचं. तरीही मी पाट्या लावणार नाही. चौकातून जाणाऱ्यांत जिची खरोखर किंमत ठरवली गेली होती, अशी एखादी बाई असू शकते. तिच्या नजरेने ती पाटी एकदा वाचून बघा.

२०१२मध्ये आम्सटरडॅममध्ये झालेला प्रयोग मला जास्त शिकवून गेला. तिथल्या वेश्यावस्तीत बायका रस्त्याकडेच्या खिडक्यांत उभ्या असतात. तिथे काचेमागे उभ्या असलेल्या मुली अचानक एका तालात नाचायला लागतात. खाली पुरुषांची गर्दी जमते, शिट्ट्या, टाळ्या. नाच संपतो आणि वर पडद्यावर मजकूर येतो: पश्चिम युरोपात नृत्याचं काम मिळेल असं सांगून दरवर्षी हजारो बायकांना आणलं जातं, आणि त्या इथे येऊन पोहोचतात. टाळ्या वाजवणारे हात तसेच थांबतात. यात एकही साखळी नाही. गर्दीला आधी आनंद दिला आणि मग त्याच आनंदाचा जाब विचारला. उलटा क्रम असता, तर कोणी थांबलंच नसतं.

आता तुम्ही काय करावं. चार-पाच कलाकार, थोडा खर्च आणि रहदारीचा चौक एवढंच हाताशी असेल, तर मी नोकरीचं टेबल मांडेन. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिथे रस्त्यात भेटवस्तूंच्या आकाराची मोठाली खोकी ठेवली होती. बाहेरून सुंदर आश्वासनं, आत शिरल्यावर फसलेल्यांच्या हकिगती. टेबलाची कल्पना त्याच जातीची, फक्त स्वस्त आणि जास्त बोलकी.

एक टेबल, दोन खुर्च्या, मागे साधा फलक: ‘परदेशात नोकरी. अनुभवाची अट नाही. राहणं-जेवण मोफत. आधी एक पैसाही भरायचा नाही.’ फलक फार चकचकीत नको, गबाळाही नको. टेबलाशी बसणारी व्यक्ती गटातली सगळ्यात लाघवी हवी, आणि शक्यतो बाई. दलाल म्हटला की गॉगल लावलेला, मिशीला पीळ देणारा माणूस उभा करायचा मोह होतो, तो आवरा. तस्करीत दोषी ठरणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण इतर बहुतेक गुन्ह्यांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि भरती करणारी व्यक्ती पुष्कळदा ओळखीतली, नात्यातली, कधी कधी आधी स्वतःच फसलेली असते. तिने घाई करायची नाही. पाणी विचारायचं. ‘आईला विचारून या, काही गडबड नाही’ असंही म्हणायचं. विश्वास असाच बसतो.

फॉर्म एकपानी. पुढच्या बाजूला नाव, वय, शिक्षण नेहमीसारखं. मग हळूच: ‘घरी कमावतं कोण आहे?’ ‘घरावर कर्ज आहे का?’ ‘याआधी कधी घरापासून लांब राहिलात का?’ ‘तिकडे ओळखीचं कोणी आहे का?’ ‘किती दिवसांत निघू शकाल?’ बहुतेक जण हे सगळं मुकाट्याने भरतात. मग टेबलावरची बाई म्हणते, ‘आता पान उलटा.’ मागे लिहिलेलं असतं:

‘प्रवासाचा खर्च तुमच्या नावावर कर्ज म्हणून लिहिला जाईल. राहण्या-जेवणाचे पैसे पगारातून कापले जातील. पासपोर्ट मालकाकडे राहील. कर्ज फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही. कर्ज फिटलं की नाही, हे मालक ठरवेल. पुढच्या बाजूच्या प्रश्नांवरून आम्हाला कळलं आहे की तुमचा शोध घ्यायला कोणी येणार नाही.’

सगळ्यात खाली: ‘खरा दलाल हे मागचं पान कधीच देत नाही.’

ते शेवटून दुसरं वाक्य वाचताना लोक पान पुन्हा उलटतात आणि आपण काय काय लिहून दिलं ते बघतात. त्या क्षणासाठी सगळी मांडणी आहे. तिथे ढोल नको, भाषण नको. दोन श्वास जाऊ द्या, मग बोला. आणि बोलायचं तेही उपयोगाचं: नोकरी देणाऱ्याची नोंदणी कुठे तपासायची, कराराची प्रत निघण्याआधी कशी मागायची, पासपोर्टच्या प्रती कोणाकडे ठेवायच्या, घरच्यांशी एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवायचा, आणि अडचणीत कुठला नंबर लावायचा.

अशा खेळात फसवणूक आहे, म्हणून त्याला कुंपण घालावंच लागतं. भरलेला फॉर्म ज्याचा त्यानेच तिथल्या तिथे फाडायचा. एकही नाव, एकही नंबर तुमच्याकडे राहता कामा नये. फॉर्म भरणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात घ्यायचा नाही. कोणालाही काही मिनिटांपेक्षा जास्त भ्रमात ठेवायचं नाही. आणि ज्याला खरोखरच नोकरीची निकड आहे, असा माणूस समोर आला, तर नाटक तिथेच थांबवायचं. एका बाईंनी फॉर्म भरता भरता मान वर करून विचारलं होतं, ‘धाकट्या बहिणीलाही घेऊन आले तर चालेल?’ टेबलाशी बसलेल्या आमच्या मैत्रिणीने पेन खाली ठेवलं, खुर्ची त्यांच्या बाजूला नेली आणि सगळं खरं सांगितलं. अशांच्या हातात, मागच्या पानाचा धक्का न देता, कामाची माहिती द्यायची, म्हणून रोजगाराच्या अधिकृत मार्गांची यादी टेबलाखाली तयार ठेवा. गरजू माणसाच्या फजितीवर आपली जनजागृती उभी करायची नाही.

नाट्यगट म्हणून तुम्हाला प्रसंगच करायचा असेल, तर ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल या नाट्यदिग्दर्शकाने घडवलेला फोरम थिएटरचा प्रकार वापरा. छोटा प्रसंग करायचा, तो वाईट वळणावर संपवायचा, मग पुन्हा सुरुवातीपासून लावायचा. प्रेक्षकाने मध्येच ‘थांबा’ म्हणायचं आणि पात्राच्या जागी स्वतः उभं राहून वेगळं काही करून बघायचं. या विषयात मात्र एक बंधन पाळा. फसलेल्या मुलीच्या जागी प्रेक्षकाला जाऊ देऊ नका. दिलं, की जो येतो तो छाती फुगवून ‘मी येणार नाही!’ म्हणतो, टाळ्या मिळतात, आणि नकळत संदेश जातो की तिलाच नाही म्हणता आलं नाही. प्रेक्षकाला मधल्या माणसांच्या जागी पाठवा: घराचं भाडं घेणारा, बसमध्ये शेजारी बसलेली बाई, तिकीट देणारा, दवाखान्यातली परिचारिका, वर्गशिक्षक. त्यांच्या हातात काय आहे? काही न करण्याची त्यांची कारणं काय? ‘नसती भानगड कशाला’ हे वाक्य प्रेक्षकातूनच येतं, आणि मग खरी चर्चा सुरू होते. हे चालवायला सूत्रधार मुरलेला लागतो. प्रेक्षकाने दलालाला मारून प्रश्न सोडवला, तर न हिणवता ‘बरं, आता त्याच्या मागचे लोक आले, पुढे?’ असं विचारता आलं पाहिजे.

नट कमी आणि रंग जास्त असतील, तर सावल्या. कोलकात्याच्या कलाकार लीना केजरीवाल यांनी बेपत्ता मुलींच्या काळ्या आकृत्या सार्वजनिक जागी उभ्या केल्या आणि भिंतींवर स्टेन्सिलने उमटवल्या. आकाशात मुलीच्या आकाराचं भोक पडल्यासारखं दिसतं. त्याआधी, तस्करीच्या नव्हे तर लष्करी राजवटीत गायब केलेल्यांच्या प्रश्नावर, अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्समध्ये २१ सप्टेंबर १९८३ला लोकांनी पूर्ण उंचीच्या आकृत्या कागदावर काढून शहरभर चिकटवल्या होत्या. आकृती काढायला देह लागतो, म्हणून रस्त्यावरची माणसं स्वतः कागदावर आडवी झाली. हे मला फार मोलाचं वाटतं. गायब झालेल्याच्या जागी क्षणभर आपलं शरीर ठेवून बघणं, यात दया नाही, शेजार आहे. तुम्हाला जमण्यासारखंही आहे: खडू, मोठे कागद आणि परवानगी मिळालेली भिंत.

आता सुटका झालेल्यांविषयी. ‘एखादी पीडिता येऊन बोलेल का?’ हा प्रश्न आमच्याकडे दर जुलैत येतो. माझं उत्तर बहुधा नाही असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००३मध्ये तस्करीतून सुटलेल्या बायकांच्या मुलाखतींसाठी दहा तत्त्वं दिली, त्यातलं पहिलंच आहे: अपाय करू नका. चौकातला माइक ही अपायाची जागा आहे. व्हिडिओ एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही. तो गावात पोहोचतो, लग्नात आडवा येतो, खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलाच्या हाती लागतो. चेहरा झाकून, आवाज बदलूनही गावाचं नाव, शाळेचं नाव, हातावरचं गोंदण यांवरून ओळख पटते. त्यापेक्षा त्यांना संहिता वाचायला बोलवा, तालमीला बोलवा, आणि त्या कामाचं मानधन द्या. कुठलं वाक्य खोटं आहे ते त्या एका क्षणात सांगतात. आणि कोणी स्वतःहून, विचारपूर्वक पुढे येत असेल, तर तिला मागच्या रांगेत उभं करू नका. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९८च्या जानेवारीत मनिलाहून निघालेल्या बालमजुरीविरोधी जागतिक यात्रेत स्वतः राबलेली मुलं चालत होती. जूनमध्ये ती यात्रा जिनिव्हाला श्रम परिषदेत पोहोचली आणि पुढच्या वर्षी बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा १८२ क्रमांकाचा करार झाला. २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सर्व १८७ सदस्य देशांनी तो मान्य करून झाला.

तुमच्या यादीत नसलेली, पण हमखास घडणारी गोष्ट: प्रयोग संपल्यावर कोणीतरी रेंगाळतं. बॅग आवरेपर्यंत थांबतं, आणि मग ‘माझ्या ओळखीत एक मुलगी आहे’ असं सुरू करतं. कधी ती मुलगी म्हणजे तीच असते. यासाठी गटाबाहेरची, प्रशिक्षित एक व्यक्ती ठेवा, जिने प्रयोगात काहीच करायचं नाही. थोडं बाजूला, आडोशाला बसायची जागा हवी. ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, लिहून घ्यायचं नाही, वचन द्यायचं नाही. पुढे काय करायचं हे तिला विचारून ठरवायचं. लहान मूल असेल किंवा जिवाला तातडीचा धोका असेल, तर मात्र थेट यंत्रणेला कळवायचं. गटातल्या उत्साही मुलांना आधीच बजावून ठेवा की आपण छापे घालायला निघालेलो नाही. संशयित जागी जाऊन विचारपूस करणं, दलालाचा पाठलाग, गुपचूप चित्रीकरण, यातलं काहीही नाही. आपल्या धाडसाची किंमत आत अडकलेली माणसं मोजतात. याच कारणाने वेश्यावस्तीसमोर जाऊन आंदोलन करू नका. तिथल्या प्रौढ बायका सगळ्याच तस्करीतल्या असं गृहीत धरून आरडाओरडा झाला, की मागोमाग येणारी धरपकड त्यांच्याच वाट्याला येते.

परवानग्यांचे नियम जागेजागी वेगळे असतात. पोलीस, पालिका आणि ध्वनिक्षेपक यांची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय सामान हलवू नका, आणि स्थानकाच्या आवारात करणार असाल तर तिथली स्वतंत्र. तारखेबद्दल मात्र मी थोडी वाकड्यात शिरते. ३० जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१३मध्ये ठरवला. त्या दिवशी सगळेच काही ना काही करतात आणि बातमी एका ओळीत आटपते. दलाल मात्र त्यांचं कॅलेंडर पाहून येतात. परीक्षांचे निकाल लागल्यावर, शेतीची कामं संपल्यावर, पूर किंवा भूकंपानंतर, कारखाना बंद पडल्यावर. तुमच्या भागातला तो मोसम शोधा आणि त्याच्या पंधरा दिवस आधी टेबल मांडा. ३० जुलैला करायचंच असेल तर जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका.

फलकावरचा मदतीचा नंबर त्या दिवशी सकाळी स्वतः लावून बघा. कोण उचलतं, किती वेळाने, कुठल्या भाषेत बोलतं. लागत नसेल तर दुसरा छापा. नंबराचा कागद खिशात सहज मावेल, पैशांच्या पाकिटात लपेल एवढाच करा आणि त्यावर तस्करी हा शब्द ठळक लिहू नका. ज्याला तो सगळ्यात जास्त हवा, त्याचे खिसे कोणीतरी तपासत असतं.

यश किती मिळालं, हे फोटोंवरून ठरवू नका. हेल्पलाइन चालवणाऱ्या संस्थेला आधीच सांगून ठेवा आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या भागातून फोन वाढले का, नोकरीची चौकशी करणारे आले का, ते विचारा. निघणाऱ्या लोकांना एकच प्रश्न विचारा: ‘आता नोकरीचं कोणी विचारलं, तर पहिली गोष्ट काय तपासाल?’ उत्तर ‘पासपोर्ट’, ‘कराराची प्रत’, ‘नोंदणी’ असं आलं तर प्रयोग पोहोचला. ‘फार वाईट वाटलं’ असं आलं तर संहितेवर पुन्हा बसा. आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी, त्याच वेळी टेबल पुन्हा मांडा. पहिल्या वेळी लांबून बघून गेलेले लोक बोलायला दुसऱ्या वेळी येतात.